आधी ऊब, मग दूध

मार्च उजाडला की आमच्या दवाखान्यात खोकी यायला सुरुवात होते. बुटांची खोकी, आंब्याच्या पेट्या, भाजीच्या पिशव्या, एखाद्या वेळी ओढणीत गुंडाळलेलं गाठोडं. आत मांजराची पिल्लं. हा ओघ पावसाळाभर चालतो आणि दिवाळीनंतर जरा ओसरतो. लालबाग-परळचा हा भाग मांजरांना मानवलेला आहे. जुन्या चाळींचे जिने, बंद पडलेल्या गिरण्यांची आवारं, मासळीबाजार, मसाल्याच्या दुकानांमागची गोदामं. व्यायला आडोसा आणि खायला काहीबाही, दोन्ही इथे मिळतं.

मी या दवाखान्यात मदतनीस आहे. मॅडम प्राणी तपासतात, औषध ठरवतात. भरवणं, पुसणं, वजन करणं, शी बघून वहीत नोंद करणं ही कामं माझ्याकडे. ज्या पिल्लांना रात्री सांभाळायला कुणी नसतं ती संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतात. एवढी वर्षं हे करताना उपासमारीने दगावलेली पिल्लं मी पाहिली आहेत; पण भलतं दूध, भलत्या वेळी, भलत्या प्रमाणात पोटात गेल्यामुळे दगावलेली त्याहून जास्त पाहिली आहेत. ते दूध पाजणारी माणसं कनवाळूच होती. स्वतःचा चहा बाजूला ठेवून त्यांनी पिल्लाला पाजलं होतं. अशा माणसांच्या हाती थोडी माहिती असावी म्हणून हे लिहिते आहे.

खोकं उघडण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, आई कुठे आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "दिसली नाही हो, तासभर वाट बघितली." तासाभरात मांजर परत येतेच असं नाही. तिला स्वतःचं पोट भरायचं असतं, आणि माणसांचा घोळका जमला असेल तर ती लांब थांबून राहते. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नाही. एकेक पिल्लू मानेला धरून नव्या जागी नेताना मागे राहिलेली उघडी पडतात, आणि नेमकी तेव्हाच कुणाच्या तरी नजरेला येतात. पिल्लं एकमेकांना चिकटून शांत झोपलेली असतील, पोटं गोल असतील, अंग स्वच्छ असेल, तर आई आहे असंच धरून चालावं. जागेभोवती थोडं पीठ भुरभुरवून ठेवलं तर ती येऊन गेली की नाही हे पावलांवरून कळतं. पिल्लं सारखी ओरडताहेत, अंगाला मुंग्या लागल्या आहेत, हाताला गार लागताहेत, अशा वेळी मात्र उचलायला उशीर करू नये.

आईचा आग्रह मी धरते कारण तिच्या दुधाला तोड नाही. पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला रोगाशी लढायची जी ताकद मिळते, ती जन्मल्यापासून पहिल्या दिवसाच्या आतच आतड्यातून रक्तात उतरते. नंतर तो दरवाजा बंद होतो. बाजारातल्या कुठल्याही डब्यात ती नाही. म्हणून आईवेगळं पिल्लू मुळातच नाजूक पायावर उभं असतं, आणि त्याच्या पोटाशी केलेली हेळसांड त्याला झेपत नाही.

गेल्या पावसाळ्यात जवळच्याच एका चाळीतल्या काकू भिजलेली तीन पिल्लं घेऊन आल्या. पोटमाळ्यावरच्या पत्र्यातून पाणी आलं होतं, आई रात्रीपासून बेपत्ता होती. पिल्लांचे डोळे अजून उघडले नव्हते. काकूंनी येताना स्टीलच्या डब्यात कोमट दूध आणि घरातल्या नातवाचं बोंडलं आणलं होतं. "अहो ताई, आधी पोटात काहीतरी घाला त्यांच्या, मग काय ते तपासा," त्या म्हणत होत्या. मी सगळ्यात लहान पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं. तोंड आतून गार होतं आणि बोटावर ओढ नव्हती. थर्मामीटरने ९२ दाखवलं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं अंग ९५ ते ९८ फॅरनहाइट असतं. त्याला स्वतःला ऊब तयार करता येत नाही. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात त्याची ऊब टिकते. अंग ९५च्या खाली गेलं की आतडी हलायची थांबतात. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, नासतं, पोट टम्म फुगतं, आणि उलटून आलं तर थेट फुप्फुसात जातं. म्हणजे ज्याला आपण जीव वाचवणं समजतो त्यानेच जीव जातो.

काकूंना हे सांगितलं, पण पिल्लू केकाटत असताना हात आखडून बसणं सोपं नसतं. मी तिघांना कोरड्या पंच्याने पुसलं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवली. अर्ध्याच, कारण फार गरम झालं तर पिल्लाला सरपटून दुसऱ्या बाजूला जाता आलं पाहिजे. हेअर ड्रायरचा झोत मी मारत नाही, पिशवी थेट अंगाला लावत नाही. ऊब सावकाश द्यायची असते, घाईने तापवलं तर पिल्लाचं हृदय गडबडतं. मधूनमधून कुशीवर वळवायचं, बोटाच्या टोकाने पाठ चोळायची. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब बोटाने हिरड्यांना लावला, कारण एवढ्याशा जिवाच्या रक्तातली साखर काही तासांतच उतरते. काकू बाकावर बसून होत्या, डबा मांडीवर. तास-दीड तासाने त्या लहान पिल्लाने माझं बोट हुंगलं आणि तोंड इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली. थर्मामीटर ९६च्या वर चढला होता. मग पहिलं दूध दिलं, दोन मिली. काकूंनी विचारलं, "एवढंच?" एवढंच.

बोंडल्याबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मांडीवर उताणं घेऊन बोंडल्याने पाजायची पद्धत आहे, आणि पिल्लू हातात आलं की हात आपोआप तसेच वळतात. मांजराच्या पिल्लाला उताणं पाजू नये. ते पालथं असलं पाहिजे, पोट टॉवेलवर टेकलेलं, मान किंचित वर, जसं ते आईच्या कुशीत असतं. उताण्या पिल्लाच्या घशात दूध ओघळलं की ते श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. ठसका लागतो, नाकातून दूध येतं, आणि एक-दोन दिवसांनी श्वास घुरघुरायला लागतो. हा न्यूमोनिया औषधानेही पुष्कळदा आवरत नाही. सुईशिवायची सिरिंज किंवा छोट्या निपलची बाटली वापरावी, आणि पिल्लू ओढेल त्याच वेगाने द्यावं. सिरिंजचा दट्ट्या आपण दाबून ढकलायचा नसतो. निपलचं भोक असं हवं की बाटली उलटी केल्यावर थेंब हळूहळू पडेल, धार लागणार नाही. पोट भरल्यावर पिल्लाला खांद्याशी धरून पाठ थोपटावी, गिळलेली हवा बाहेर येते.

आता दुधाचं. "मांजरं दूधच पितात ना?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पितात, आनंदाने पितात, आणि नंतर ढाळ लागतात. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, स्निग्धांशही जास्त. साखर मात्र दोन्हींत जवळपास सारखीच, गायीच्या दुधात थोडी अधिकच. याचा हिशेब पिल्लाच्या पोटात असा होतो : गायीच्या दुधावर त्याची भूक भागत नाही, म्हणून ते जास्त मागतं; आपण जास्त देतो; त्या जास्तीच्या दुधाबरोबर दुधातली साखरही जास्त जाते; ती सगळी पचत नाही, मोठ्या आतड्यात उतरते, आंबते आणि पाणी ओढून घेते. शी पातळ होते. मग घरचे म्हणतात, दूध जड गेलं, आणि दुधात पाणी घालतात. आता प्रथिनं आणखी कमी झाली. पिल्लू दिवसभर पितं आणि वजन उतरत जातं. म्हशीच्या दुधात साय जास्त, पण प्रथिनं तरीही अपुरी आणि साखर तेवढीच. बकरीचं दूध हलकं म्हणून आणणारे पुष्कळ आहेत. त्यातली साखर किंचितच कमी असते आणि प्रथिनं गायीच्या दुधाएवढीच. दुकानं बंद झाल्यावर रात्रीपुरती वेळ मारून न्यायला ते चालेल, त्यावर पिल्लू वाढवता येत नाही.

मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते. महाग असते, हे खरं आहे, आणि चाळीतल्या माणसाला एक डबा घेतानाही विचार करावा लागतो. म्हणून आमच्याकडे उघडलेला डबा चार खोक्यांमध्ये वाटून जातो. ही पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवायची. चमचा शिगोशीग भरायचा नाही, वरून सुरीने सपाट करायचा. घट्ट दुधाने ताकद येते असं मानणारे खूप. घट्ट दुधाने शी दगडासारखी होते किंवा उलट ढाळ लागतात, आणि अंगातलं पाणी ओढलं जातं. पाणी उकळून कोमट केलेलं, गुठळी राहू द्यायची नाही, मनगटावर थेंब टाकून पाहायचा. पिल्लाने तोंड लावलेलं उरलं तर टाकून द्यायचं. बाटली आणि निपल दर वेळी उकळायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत निपलच्या आत साचलेल्या दुधाला दुसऱ्या फेरीपर्यंत आंबूस वास येतो, मी हुंगूनच ते बाजूला काढते.

प्रमाणाचं गणित मी भिंतीवर लावून ठेवलं आहे. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला दिवसभरात मिळून साधारण २० मिली. एका वेळी ४ मिलीच्या वर नाही, कारण त्याचं पोट तेवढंच. म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे तीन-चार तासांनी. चौथ्या आठवड्यात पाच-सहा तासांनी. पोट गोल दिसावं, ताणलेलं दिसू नये. पिल्लू अजून मागतंय म्हणून दिलेले पुढचे दोन मिली हे आमच्याकडे येणाऱ्या जुलाबांचं सगळ्यात मोठं कारण आहे. या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी रात्रीचं जागरण सांगणार नाही. भरल्या पोटीही तोंड उघडून ओरडणाऱ्या पिल्लासमोर बाटली खाली ठेवणं अवघड आहे.

दूध आत जातं तसं बाहेरही आलं पाहिजे. तीन-चार आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. आपण कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलक्या हाताने फिरवायचा, दर वेळी भरवण्याच्या आधी किंवा नंतर. हे माहीत नसलेल्या घरांतून पोट कडक झालेली पिल्लं येतात. घरच्यांना वाटतं बाळसं धरलं.

वहीत मी तीन गोष्टी लिहिते : वजन, किती प्यायलं, शी कशी. वजनाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज १० ते १५ ग्रॅमने वाढतं, दोन आठवड्यांत दुप्पट होतं. एखादा दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर मी कान टवकारते. उतरलं तर सकाळी पहिलं पिल्लू ते मॅडमच्या टेबलावर. आजारी पिल्लू दिसायला बरं दिसू शकतं, खेळू शकतं, पण काट्यावरचा आकडा एक दिवस आधी बोलतो.

शीबद्दल लिहिताना संकोच करण्यात अर्थ नाही, तीच माझी रोजची बातमी आहे. डब्याच्या दुधावरच्या पिल्लाची शी मोहरीच्या पिवळ्या रंगाची, आकार धरणारी, टूथपेस्टएवढी मऊ असावी. पिवळी पण पातळ झाली तर बहुधा जास्त पाजलं गेलं आहे. हिरवट झाली तर दूध फार वेगाने खाली उतरतंय किंवा जंतुसंसर्ग आहे. करडी-पांढरी, दह्याच्या कण्यांसारखी, घाण वासाची असेल तर दूध पचतच नाही. चिकट शेंबडासारखा आव किंवा रक्ताची रेघ दिसली तर जंत किंवा त्याहून बारीक परजीवी. काळी डांबरासारखी असेल तर आत कुठेतरी रक्त जातंय, आणि आपल्या हवेत ते आकड्याच्या जंतांमुळे पुष्कळदा होतं. मॅडम फोनवर नेहमी सांगतात, फोटो पाठवू नका फक्त, नमुना घेऊन या. छोट्या डबीत, ताजा, उन्हात न ठेवलेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत जे कळतं ते अंदाजाने दिलेल्या गोळीने आठवडाभर कळत नाही.

जुलाब लागल्यावर घरात काय होतं ते मला पाठ झालं आहे. आजी जायफळ उगाळते. कुणी बाळगुटी देतं, कुणी ग्राइपवॉटर, कुणी ताकात हिंग. माणसाच्या जुलाबाची अर्धी गोळी पाण्यात कालवून पाजलेली पिल्लंही आली आहेत. अंग गरम लागलं म्हणून तापाची गोळी दिली जाते, आणि पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अगदी थोडं दिलं तरी रक्त आणि यकृत नासतं. जायफळही मांजराला चालत नाही. आपल्या बाळांना जे मानवलं ते पिल्लांना मानवेल असं धरण्यामागची माया मला समजते, मी त्यांना रागावत नाही. पण एवढं हात जोडून सांगते की ज्या औषधावर मांजराचं वजन बघून डॉक्टरांनी मात्रा लिहून दिलेली नाही, ते पिल्लाच्या तोंडात घालू नका.

मी काय करते ते सांगते. जुलाब दिसले की आधी थर्मामीटर, मग काटा, मग हिरड्या. हिरड्या ओल्या, गुलाबी असतील तर थोडा वेळ हाताशी आहे. बोटाला चिकट, कोरड्या लागल्या तर पाणी कमी पडलंय. मोठ्या मांजराची कातडी चिमटीत धरून सोडतो आणि पाणी किती आहे ते ओळखतो, तसं एवढ्या लहान पिल्लांत नीट कळत नाही. त्यांच्या शूचा रंग बघावा. ती जवळजवळ पाण्यासारखी असायला हवी, गडद पिवळी नको. मग घरच्यांना विचारते, चमचा कसा भरला, पाणी किती घातलं, एका वेळी किती, डबा कधी बदलला? निम्म्याहून अधिक वेळा उत्तर इथेच सापडतं. पिल्लू चपळ असेल, ऊब असेल, तर एका वेळचं प्रमाण कमी करून फेऱ्या वाढवते. मॅडम सांगतील त्याप्रमाणे एक-दोन फेऱ्या दुधाऐवजी क्षारयुक्त पाणी, मग पातळ दूध, मग टप्प्याटप्प्याने नेहमीचं. उपाशी ठेवत नाही. "पोटाला आराम द्या" हा मोठ्या माणसाला दिलेला सल्ला पिल्लाला लावला तर साखर उतरून ते थंड पडतं. सुस्त असेल, पिण्याची ओढ नसेल, उलटी होत असेल, शीत रक्त असेल, तर घरगुती काहीही नाही, थेट डॉक्टर. कातडीखाली सलाईन दिल्यावर मान टाकलेलं पिल्लू तासाभरात डोळे उघडून बघायला लागलेलं मी पाहिलं आहे. ते तोंडाने जबरदस्ती पाजून होत नाही.

शी पातळ असली की शेपटीखालची कातडी लाल होऊन सोलते. धारेखाली आंघोळ घालू नका, पिल्लू गारठेल. कोमट ओल्या कापसाने टिपून, कोरडं करून, व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. एकत्र ठेवलेली आईवेगळी पिल्लं एकमेकांना शेपटीखाली चोखतात, तिथली जागा सुजते आणि शू अडते. असं दिसलं तर मधे टॉवेलचा बांध घालावा.

जंतांचं वेगळं सांगते, कारण "एवढ्याशा पिल्लाला कुठले जंत" असं लोक म्हणतात. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. आमच्याकडे पोट ढमाल्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागणारा, अशी पिल्लं रोज येतात. जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, वजनाप्रमाणे, दर पंधरा दिवसांनी देतात. कुत्र्याच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नये.

चौथ्या आठवड्यात पिल्लं बाटलीचं निपल चावायला लागतात. आता बशीत दुधात कालवलेलं मऊ खाणं ठेवायचं. पहिले काही दिवस ती त्यात पाय घालतात, नाक बुडवतात, अर्धं अंगाला लागतं. पोट पुन्हा एकदा बिघडण्याची ही वेळ. खाणं बदलायचं तर हळूहळू, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. उकडून बारीक केलेलं चिकन, बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, हाडाशिवाय, उकडलेल्या पाण्यासकट; कांदा-लसूण अजिबात नाही. शी-शूसाठी ओल्याने गोळा होणारी लिटर लगेच देऊ नये, पिल्लं ती खातात आणि आत ती फुगते. चाळलेली वाळू किंवा फाडलेला कागद चालतो.

इथे एक नाजूक विषय येतो. कित्येक घरांत मांसाहार चालत नाही. पिल्लू मायेने वाढवतात, दूधभात देतात, दही-पोळी देतात, आणि महिन्याभराने पोट बिघडलेलं, केस राठ झालेलं पिल्लू घेऊन येतात. मी त्यांच्या श्रद्धेबद्दल काही बोलत नाही. पण मांजराला टॉरिन नावाचा पदार्थ मांसातून मिळावा लागतो, तो त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. त्याच्या कमतरतेने मांजराची दृष्टी जाते, आणि १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हृदयही ढिलं पडतं. ज्यांना घरात मांस शिजवणं शक्य नसतं त्यांना आम्ही तयार डबाबंद खाणं सुचवतो, आणि तेही नको असेल तर पिल्लू दुसऱ्या घरी द्यायला मदत करतो. एका शाकाहारी काकांनी गॅलरीत वेगळी बशी, वेगळा चमचा ठेवून हे जमवलं. त्यांची मांजर आता मोठी झाली आहे आणि अंगाने भरली आहे.

एका जुलाबाबद्दल मात्र मी कुणालाही थांबा म्हणत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका शाळकरी मुलाने आणलेलं पिल्लू पाण्याच्या वाटीच्या काठावर हनुवटी टेकून बसलं होतं. पाणी समोर होतं, तहान दिसत होती, आणि ते पीत नव्हतं. पाठ कमानीसारखी, डोळ्यांवर पापणी अर्धी आलेली. मॅडमनी लांबूनच ओळखलं. कुत्र्यांच्या पार्वोच्या जातीचाच हा विषाणू. मांजरांत याला पॅनल्युकोपेनिया म्हणतात, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने संपतात. उलट्या, जुलाब, आणि लहान पिल्लं एक-दोन दिवसांत हातची जातात. आम्ही त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पाठवलं. जुनी माणसं त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते वाचलं नाही. त्याच्या भावंडांना लक्षणं दिसण्याआधी उपचार मिळाले म्हणून एक राहिलं. तो मुलगा रोज दवाखान्याच्या दारात येऊन विचारायचा, आणि मला त्याला खरं सांगावं लागलं.

हा विषाणू फरशीवर, कपड्यावर, खोक्यात वर्षभर टिकू शकतो. साबणाने जात नाही, आणि फिनाईल मांजरांना अपायकारक असतं. एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाण्यात घालून, फरशी दहा मिनिटं ओली ठेवून मग धुवायची. ज्या खोलीत असं पिल्लू गेलं तिथे लस न दिलेलं दुसरं आणू नये. लस सहा ते आठ आठवड्यांपासून देता येते, तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांपर्यंत. ती टोचून घ्या. या आजारावर त्यापेक्षा भरवशाचं माझ्या पाहण्यात काही नाही.

सगळी पिल्लं राहत नाहीत. ऊब दिली, माप चुकलं नाही, रात्री उठून भरवलं, तरी एखादं सकाळी गार मिळतं. मॅडम म्हणतात, काहींच्या शरीरात जन्मतःच उणीव असते, ती कळतही नाही. मी वहीत त्याच्या नावापुढे तारीख लिहिते आणि पुढच्या पिल्लाचं दूध कालवायला घेते. काकूंनी आणलेल्यांपैकी दोन जगली. त्यातलं एक आता मसाल्याच्या एका दुकानात आहे, दुसरं काकूंच्याच घरी.

तुमच्या जिन्याखाली किंवा गच्चीवर या वर्षी पिल्लं दिसली तर एवढं करा. आधी आईची वाट बघा, तिला खायला ठेवा. तिचं पोट भरलं की पिल्लांचंही भरतं. आई नाहीच आली तर पिल्लांना ऊब द्या आणि दूध पाजण्याआधी जवळच्या पशुवैद्यांना फोन करा. आणि पिल्लं दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागली की त्यांच्या आईचं ऑपरेशन करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर ते कमी पैशांत करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत, आमच्यासारख्या दवाखान्यात विचारा, पत्ता मिळेल. मांजर वर्षातून दोन-तीनदा विते, आणि पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की तीही माजावर येऊ शकतात.